मातीचा कण समुद्राला केव्हा पोचतो?

श्रोतेहो, आज मी आपणांशी मातीच्या एका बारीकशा कणाच्या प्रवासाविषयी बोलणार आहे. विषय दूरच्या समुद्राच्या तळाचा आहे; पण माझ्यापुरता तो सुरू झाला खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी, माझ्या मामांच्या रानात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगात एका रात्रीत जबर पाऊस झाला आणि मामांच्या पट्टीचा खालचा बांध फुटला. सकाळी आम्ही पाहावयास गेलो, तो कोपऱ्यातली हातभर माती निघून जाऊन खालचा मुरूम उघडा पडलेला. मामा बराच वेळ काही न बोलता उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू कॉलेजात भूगोल शिकवतोस न्हवं? सांग बघू, रात्री गेली ती माती आता कुठं असंल?”

मी शिक्षक, उत्तर द्यावयास कशाला थांबतो? येरळा कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. तेव्हा मामा, तुमची माती समुद्राच्या वाटेला लागली, दिवाळीपर्यंत पोचेलही, असे मी सांगून मोकळा झालो. मामांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. “माती घावली,” ते म्हणाले. “समुद्राला गेली न्हाई. तीन बांध खाली, शेजाऱ्याच्या रानात बसलीया.”

मी मनात वरमलो. नद्या गाळ वाहून नेतात आणि समुद्रात टाकतात, हे वाक्य मी अठरा वर्षे वर्गात सांगत आलो आहे. आपणांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनीही ते फळ्यावर लिहिले असेल. वाक्य खोटे नाही. पण वाहून नेतात म्हणजे किती काळात नेतात, हे विचारावे असे मला कधी सुचले नव्हते, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही मी सुचू दिले नव्हते. आता शेजाऱ्याचे रान सोडून ती माती पुढे निघाली असे समजा. तरी कृष्णेवर आज अलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. प्रत्येक जलाशयात पाणी मंदावते आणि गाळ खाली बसतो. माझी दिवाळी कोणत्या वर्षाची, हे मलाच सांगता आले नसते.

मग मी शोधू लागलो, आणि मला असे आढळले की मामांचा हा प्रश्न काही शास्त्रज्ञांनीही विचारला आहे. त्यांनी तो उत्तर अटलांटिक महासागराच्या तळावरील चिखलाला विचारला आणि त्याचे उत्तर युरेनियमकडून मिळवले. ते कसे, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. समुद्राच्या तळावर गाळाचे थरांवर थर बसतात. एखादा थर केव्हा बसला हे काढण्याच्या रीती आपल्याला बऱ्याच काळापासून ठाऊक आहेत. दुसऱ्या बाजूला, ज्या खडकापासून तो गाळ झाला त्या खडकाचे वय काढण्याच्याही रीती आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे, हे अशाच रीतींनी कळले. पण या दोन टोकांच्या मध्ये काय? कण खडकातून सुटला केव्हा, आणि तळाला पोचेपर्यंत त्याला किती काळ लागला?

घरातल्या पिठाच्या डब्याची गोष्ट घ्या. गव्हाची कापणी केव्हा झाली ही एक तारीख. पीठ डब्यात केव्हा भरले ही दुसरी. पण आपल्याला हवी आहे ती मधली तारीख: गहू जात्यातून केव्हा निघाला? गव्हाचा दाणा फुटून बारीक झाला ती घटका पिठावर कुठेतरी नोंदलेली असावयास पाहिजे. खडकाच्या बाबतीत निसर्गाने अशी नोंद खरोखरच ठेवली आहे. इंग्रजीत त्या वयाला जे भारदस्त नाव आहे ते बाजूला ठेवून मी आज त्याला ‘दळणाचे वय’ म्हणणार आहे. खडक भरडून कण बारीक झाला, तेव्हापासून आजवर लोटलेला काळ म्हणजे दळणाचे वय.

आता युरेनियम. हे नाव ऐकताच अणुबॉम्ब डोळ्यांपुढे येतो. पण युरेनियम आपल्या पायाखालच्या प्रत्येक दगडात आहे. आपल्या काळ्या कातळात ते दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असते, तर खंडांच्या खडकांत सरासरीने दोन-तीन भाग. या युरेनियमचे निरनिराळ्या वजनांचे अणू असतात, त्यांना समस्थानिके म्हणतात. त्यांतील दोघांशी आपल्याला काम आहे. थोरला युरेनियम-२३८ आणि धाकटा युरेनियम-२३४. थोरला फार दीर्घायुषी. त्याचे निम्मे अणू फुटावयास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. धाकट्याचे निम्मे अणू सुमारे २ लाख ४५ हजार वर्षांत फुटून जातात.

धाकटा हा थोरल्याच्याच वंशातला. युरेनियम-२३८ चा अणू फुटला की त्याच्यातून अल्फा कण बाहेर पडतो आणि उरतो तो थोरियम-२३४. हा महिनाभरही धड टिकत नाही. चोवीस दिवसांत निम्मा होतो. त्याच्यापासून क्षणभंगुर प्रोटॅक्टिनियम, आणि त्याच्यापासून युरेनियम-२३४. जुन्या, अखंड खडकात हा संसार अगदी तोलून चाललेला असतो. जितके धाकटे दर वर्षी जन्मतात तितकेच दर वर्षी फुटतात. रांजणात वरून जितकी धार पडते तितकीच खालच्या छिद्रातून जाते, म्हणून पाण्याची पातळी हलत नाही, तसे.

हा तोल कशाने मोडतो? बंदूक उडवणाऱ्याच्या खांद्याला दस्ता मागे हिसका देतो, हे आपणांस ठाऊक आहे. अल्फा कण एका दिशेला सुटतो तेव्हा मागे राहिलेला थोरियमचा अणू उलट दिशेला असाच फेकला जातो. फार लांब नव्हे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले तीस-चाळीस भाग, एवढीच त्याची उडी. खडकाच्या पोटात ही उडी कोणाच्या खिजगणतीत नसते. इथून उठला, तिथे बसला; घर तेच.

पण कल्पना करा की सभेचा मंडप भरला आहे आणि मधूनमधून एखाद्या श्रोत्याला कोणीतरी हातभर ढकलतो आहे. मंडप मोठा असेल तर ढकललेला माणूस आतल्या आतच राहतो. कडेला बसलेले थोडे तेवढे बाहेर जातात. (कडेचे लोक न ढकलताही बाहेर जातात, हा माझा व्याख्यानांचा अनुभव, पण ते असो.) आता तोच मंडप मोडून त्याच्या शेकडो लहान राहुट्या केल्या. माणसे तितकीच; पण आता कितीतरी जण कडेलाच बसलेले. प्रत्येक धक्क्याला कोणी ना कोणी राहुटीबाहेर. खडक भरडून बारीक कण झाले की नेमके हेच होते. कणाच्या कडेजवळ फुटलेल्या युरेनियमचा थोरियम उडी मारून कणाबाहेरच्या पाण्यात जातो, आणि त्याच्यापासून जो युरेनियम-२३४ व्हावयाचा तो कणाच्या हिशेबातून कायमचा वजा होतो.

रांजणाची धार थोडी बारीक झाली. खालचे छिद्र तेवढेच राहिले. पातळी उतरू लागणार. एकदम उतरणार नाही; हळूहळू, आणि धाकट्याच्या आयुष्याच्या मापाने उतरेल. समजा, एखाद्या नमुन्यात शंभरांतले दहा थोरियम बाहेर उडी मारतात. दळणाच्या दिवशी धाकट्याची पातळी शंभर. २ लाख ४५ हजार वर्षांनी ती पंच्याण्णव होईल. आणखी तितक्याच वर्षांनी साडेब्याण्णव. अशी ती नव्वदाच्या दिशेने सरकत राहील. पातळी मोजली की धार केव्हा बारीक झाली, म्हणजेच दळण केव्हा झाले, ते सांगता येते. दहाएक लाख वर्षांनंतर मात्र पातळी नव्वदाच्या इतकी जवळ जाते की हे घड्याळ चालून न चालल्यासारखेच. उलट, दहा हजार वर्षांत शंभराची पातळी जेमतेम पाव अंश खाली येते. हजारात एक-दोन भागांचा फरक ओळखणारी यंत्रे आज आहेत, म्हणून तेवढेही वाचता येते.

एक अट आहे. कण फार बारीक पाहिजे. मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याहून मोठा नको. नदीतली जाडी वाळू या कामाला निरुपयोगी, कारण तिचा मंडप मोठा, कडा थोडी.

हे सारे ज्ञान एका दिवसात आले नाही. एकाच मूलद्रव्याची दोन समस्थानिके निसर्गात एकमेकांपासून वेगळी होणार नाहीत असेच पूर्वी समजत असत, कारण दोघांचे रासायनिक गुण सारखे. १९५०नंतरच्या पाच-सहा वर्षांत चेर्दिन्त्सेव्ह आणि चालोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी दाखवले की नैसर्गिक पाण्यात युरेनियम-२३४ हिशेबापेक्षा जास्त सापडते. १९६९ साली आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भट आणि कृष्णस्वामी यांनी भारतातील नद्यांच्या पाण्यातली युरेनियम व रेडियमची समस्थानिके मोजून प्रसिद्ध केली. १९७१ साली जपानच्या किगोशी यांनी झिरकॉन नावाच्या खनिजाची बारीक वाळू द्रवात ठेवून थोरियमचे अणू खरोखरच उडी मारून द्रवात येतात हे दाखवले. समुद्राच्या पाण्यात आज धाकट्याची पातळी शंभराऐवजी एकशे चौदा-पंधरा आहे. कणांनी गमावले ते पाण्याला मिळाले. मामांच्या भाषेत सांगायचे, तर एकाच्या रानातले दुसऱ्याच्या रानात.

इतके दिवस लोक पाण्यातली वाढ मोजत होते. कणातली तूट मोजून तिचे घड्याळ करावे, ही पुढची पायरी. ती समुद्राच्या गाळावर घालून दाखवली ती अमेरिकेतील बर्कले येथील डोनाल्ड डीपाओलो आणि त्यांचे सहकारी केट मेहर, जॉन क्रिस्टेन्सेन व जेरी मॅकमॅनस यांनी. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला.

त्यांनी चिखल घेतला तो आइसलँडच्या दक्षिणेकडचा. आइसलँड हे बेट ज्वालामुखींनी घडवलेले. तेथील काळा दगड आपल्या सह्याद्रीच्या दगडाचा चुलतभाऊच म्हणा ना, फक्त वयाने पुष्कळ लहान. या बेटापासून नैर्ऋत्येकडे समुद्राखाली एक लांबच लांब डोंगररांग गेली आहे. तिच्या पूर्व उतारावर खोल पाण्यातले प्रवाह वाहताना गाळ टाकत जातात आणि त्याचे ढीग साचतात. अशा एका ढिगाला ब्यॉर्न ड्रिफ्ट म्हणतात. १९९५ साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ नावाच्या जहाजाने तेथे, सुमारे साडेसोळाशे मीटर पाण्याखाली, तळाला नळी घालून गाळाचे लांबलांब गाभे वर काढले होते. त्या जागेचा नंबर ९८४.

त्या गाळाचा प्रत्येक थर केव्हा बसला, हे ठरवले ते फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून. हिमयुगात या कवचांतल्या जड प्राणवायूचे प्रमाण वाढते, उबदार काळात घटते. पंचांगाची पाने उलटावीत तसे थर वाचता येतात. मग गाळ आला कोठून? दगडातील निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम या द्रव्यांची समस्थानिके दगडाचे कूळ सांगतात. त्यावरून असे दिसले की मागल्या तिन्ही उबदार काळांत गाळ मुख्यतः जवळच्या आइसलँडचा, तर हिमयुगांत तो दूरच्या खंडांवरून आलेला.

आता खरे काम. गाळात कवचांची चुनखडी मिसळलेली असते आणि त्या चुन्यात समुद्राच्या पाण्याचे युरेनियम असते. म्हणजे पातळी एकशे चौदावाले. ते राहिले तर तूट भरून निघाल्यासारखी दिसेल आणि म्हातारा कण तरुण ठरेल. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाने गाळ धुऊन चुना काढावा लागतो. फार धुतले तर कणाची कडच खरवडली जाईल, कमी धुतले तर चुना राहील. दुधातले पाणी काढण्यासारखे हे अवघड काम. ते करून राहिलेल्या शुद्ध खनिज-कणांतील युरेनियम त्यांनी मोजले. पातळी शंभराच्या चांगलीच खाली होती, आणि ती थराथराला, हिमयुगांच्या पाळीनुसार, बदलत होती. त्यांना स्वतःलाही याची अपेक्षा नव्हती, असे ते लिहितात.

पुढचा हिशेब सोपा, तिसरीतल्या मुलाच्या वजाबाकीचा. दळणाचे वय इतके. थर बसून झाली इतकी वर्षे. दुसरे पहिल्यातून वजा केले की राहतो तो प्रवासाचा काळ. खडक भरडला गेल्यापासून कण तळाला टेकेपर्यंतचा.

हा काळ किती निघावा? काही थरांत दहा हजार वर्षांहून कमी. आणि काही थरांत तीन ते चार लाख वर्षे!

श्रोतेहो, हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचले. आपली मानवजात पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षांपासून आहे, असे आज मानतात. म्हणजे त्या चिखलातले काही कण असे की त्यांचे दळण झाले तेव्हा मनुष्य नुकताच उभा राहत होता, आणि ते समुद्रतळाला जाऊन टेकले तेव्हा मध्ये हिमयुगे येऊन गेली होती. आणि मी मामांना दिवाळीची मुदत दिली होती.

तीन लाख वर्षे कण वाहत होता काय? मुळीच नाही. वाहणे हा प्रवासाचा अगदी लहानसा भाग. आडगावाहून एस.टी.ने मुंबईला जाणारा माणूस गाडीत बसतो त्याहून जास्त वेळ स्टँडावर बसतो, तशातली गत. पुरात कण दोन दिवसांत शंभर कोस जाईल, आणि मग नदी पात्र बदलील, तो काठाच्या गाळात पुरला जाईल, त्यावर गवत उगवेल, झाडे वाढतील, पडतील. कोणा पुढच्या पुरात काठ ढासळेल तेव्हा त्याची सुटका. किनाऱ्याशी पोचला तरी उथळ समुद्रबूड जमिनीवर आणखी एक मुक्काम. हिमयुगात पुष्कळसे पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकते आणि समुद्राची पातळी शंभर मीटरहूनही अधिक खाली जाते. तेव्हा ही समुद्रबूड जमीन उघडी पडते आणि तेथे बसलेला गाळ पुन्हा उठतो. डीपाओलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही लांबलेल्या प्रवासाची हीच कारणे सुचवली आहेत: मातीत मुक्काम, समुद्रबूड जमिनीवर मुक्काम, खंडाच्या कडेला आणखी कोठे मुक्काम.

यात नुसते नवल नाही. समुद्राच्या चिखलावरून जुन्या काळचे हवामान वाचणारे शास्त्रज्ञ पुष्कळदा असे धरून चालत की थर ज्या काळाचा, त्यातली माती त्याच काळाची. आता असे पाहा, मातीचा कण तीन लाख वर्षांपूर्वी एखाद्या डोंगरावर दमट हवेत कुजला असेल, आणि कोरड्या, थंड युगात समुद्रात पोचला असेल, तर त्याची साक्ष कोणत्या युगाची धरावयाची? साक्षीदार खोटे बोलत नाही. पण तो कोणत्या दिवशीची हकीकत सांगतो आहे हे वकिलाने विचारलेच पाहिजे. माझ्या मते या शोधाचे मोल सर्वांत जास्त येथेच आहे.

आपल्या देशातल्या नद्यांचा असा हिशेब झाला आहे काय, असे आपण विचाराल. गंगेच्या खोऱ्यात झाला आहे. फ्रान्समधील ग्रानेत, शाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ आणि २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांचा गाळ युरेनियमच्याच कुळाचा आधार घेऊन, थोड्या निराळ्या रीतीने, तपासला. तळाशी घरंगळणाऱ्या जाड्या वाळूला मैदान ओलांडावयास लाखांच्या घरात वर्षे लागतात, आणि पाण्यात तरंगत जाणाऱ्या बारीक गाळाला वीस ते पंचवीस हजार. एकाच नदीत, एकाच पुरात, शेजारी शेजारी चाललेले हे दोन प्रवासी. एक बैलगाडीतला आणि एक आगगाडीतला. ऑस्ट्रेलियात मरमबिजी नदीच्या जुन्या पात्रांतला गाळ दोसेतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली तपासला. तेथे हिमयुगाच्या ऐन भरातला गाळ थोडेच मुक्काम केलेला निघाला, तर उबदार काळातला गाळ पुष्कळ जुना. डोंगरावरचे झाडझाडोऱ्याचे आवरण बदलले की नदी कोणत्या ठिकाणची माती उचलते तेही बदलते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

आता या घड्याळाचे दोष सांगतो, नाहीतर माझ्यावर पुन्हा पाळी यावयाची. कणाची कडा किती, यावर सारा हिशेब उभा आहे, आणि कण काही गोटीसारखा गुळगुळीत नसतो. खाचा, भेगा, खळगे असतात. त्याची खरी कडा मोजावयास कणांवर वायूचा अतिशय पातळ थर बसवून तो किती बसला ते पाहतात. तरीही या अंदाजात चूक राहते, आणि तितकी चूक वयात उतरते. शिवाय चिमूटभर चिखलात लक्षावधी कण. कोणी काल निघालेला, कोणी पाच लाख वर्षांपूर्वी. आपल्या हाती येते ती सगळ्यांची मिळून सरासरी. म्हणून तीन ते चार लाख असे ऐसपैस सांगतात, तीन लाख बारा हजार असे सांगत नाहीत. जो तसे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या काळ्या रानाशी संबंधित आहे. हे घड्याळ खडक भरडून झालेल्या कणांसाठी आहे. हिमनद्यांच्या जात्याखालून निघालेले पीठ त्याला उत्तम. आपली काळी चिकण माती निराळी. तिचा मोठा भाग हा दगडाचा नुसता चुरा नसून, दगड पाण्याने सडून, विरून, त्याच्यापासून नव्याने तयार झालेल्या खनिजाचा आहे. म्हणून तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. ती घडतानाच पाण्यातले युरेनियम इकडचे तिकडे होते, त्यामुळे तिच्यावर दळणाचे वय जसेच्या तसे लावता यावयाचे नाही. तेव्हा अटलांटिकचे तीन लाख कोणी येरळेच्या मातीला चिकटवू नयेत.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. वर्गात काचेच्या उंच बरणीत पाणी घेऊन त्यात ओढ्याकाठची मूठभर माती ढवळा. वाळू काही सेकंदांत खाली बसेल. त्यानंतर पोयटा. दुसऱ्या दिवशी मुले शाळेत येतील तेव्हाही पाणी गढूळच दिसेल. ते गढूळपण म्हणजेच लांबच्या प्रवासाला निघू शकणारे प्रवासी. बरणी हलवू नका, आणि किती दिवसांनी पाणी नितळते त्याची नोंद मुलांनाच ठेवू द्या. ‘वाहून नेतात’ या शब्दांत किती काय आहे, ते तेवढ्याने पुष्कळ उमगते. मी मागच्या वर्षी केले. आठव्या दिवशी शिपायाने बरणी घासून ठेवली, त्यामुळे माझा प्रयोग तेथेच थांबला.

हे सगळे मी मामांना सांगितले. ओसरीवर बसून त्यांनी मंडपाची गोष्ट, रांजणाची गोष्ट, सारे शांतपणे ऐकून घेतले. तीन लाख वर्षांचे त्यांना माझ्याइतके नवल वाटले नाही. “म्हंजे माझ्या रानात होती ती पण मुक्कामालाच होती म्हणायची,” एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मग तुझ्या त्या शास्त्रज्ञाला एवढं विचार, शेजाऱ्याच्या रानात माझी माती किती न् त्याची किती, ही वाटणी करून देतो का?”

मी म्हटले, “नाही मामा, ते त्याला जमणार नाही. दोन्ही माती एकाच डोंगराची, एकाच कुळीची. यंत्राला ती एकच दिसेल.”

“मग ऱ्हाऊ दे. शेजाऱ्याला दिसती ती.”

शेजारी भला माणूस. माती आपल्या रानात आली ती आपली, असे तो म्हणू शकला असता. गावात तसे म्हणणारेही आहेत. त्याने पेरणीपूर्वी वरचा थर उचलून न्यावयास मोकळीक दिली. पहिल्या उन्हाळ्यात मामांनी बांध दगडात बांधून घेतला आणि अकरा ट्रॉल्या माती परत आणली. दुसऱ्या उन्हाळ्यात सात. यंदा त्यांच्या गुडघ्याने दगा दिला, म्हणून चारच झाल्या. कोपरा अजून एक वीत खाली आहे.